फैजपूरने मोकळी ठेवलेली खुर्ची

मुंबई प्रांतात १ एप्रिल १९३७ रोजी सत्तेवर आलेले धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ जुलैच्या मध्यास गेले. उणेपुरे साडेतीन महिने. काँग्रेसच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाआधीची एक ओळ, एवढीच जागा त्याला इतिहासात मिळते आणि त्या ओळीला ‘गव्हर्नरचे बाहुले’ असा शेरा चिकटलेला असतो. शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. हे मंत्रिमंडळ गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी बसवले हे खरे; ते बसवायला जागा मात्र तीन महिने आधी पूर्व खानदेशात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला मोकळी झाली होती.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या साध्या साहित्यातून सजवलेले टिळकनगर, बैलांच्या रथातून निघालेली अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींची मेहनत यांची वर्णने भरपूर झाली आहेत. ठरावांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. शेतीविषयक ठरावाने सारा आणि खंड कमी करण्याची, न परवडणाऱ्या लहान जमिनींना साऱ्यातून सूट देण्याची, कर्जवसुलीला तहकुबी देण्याची आणि शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळवून देण्याची मागणी केली. १९३० नंतरच्या मंदीत कपाशीचे भाव कोसळून सावकाराच्या वहीत अडकलेल्या खानदेशी शेतकऱ्याला याहून जवळचे काय असणार? पण त्याच मांडवात दुसराही एक ठराव झाला : निवडणुका लढवायच्या, मंत्रिपदे घ्यायची की नाही ते मात्र निकालानंतर ठरवायचे. हे दोन ठराव शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. साऱ्याला सूट देतो तो महसूल खाते हाती असलेला मंत्री. पहिल्या ठरावाला सत्ता हवी होती आणि दुसरा सत्तेबद्दल ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणत होता.

पुढे तेच झाले. निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा मिळवून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. मार्चमध्ये दिल्लीला अट ठरली, की गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत असा भरवसा मिळाला तरच पदे घ्यायची. गव्हर्नरांनी नकार दिला, आणि १ एप्रिलला १९३५ चा भारत सरकार कायदा प्रांतांत अमलात आला तेव्हा मंत्री तर हवेच होते. कूपर काही ऐरेगैरे नव्हते. साताऱ्याकडचे कारखानदार, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी, कारभाराचा अनुभव असलेले. त्यांच्यासोबत एकेकाळचे स्वराज्य पक्षाचे जमनादास मेहता होते, धारवाडचे सिद्दप्पा कांबळी होते. माणसे कर्तबगार, पण पाठीशी बहुमत नाही. त्यामुळे या मंत्रिमंडळाने विधानसभेला एकदाही तोंड दिले नाही. बिहार, संयुक्त प्रांत, मध्य प्रांत-वऱ्हाड इथेही अशीच तात्पुरती मंत्रिमंडळे बसली.

यावर कोणी म्हणेल, फैजपूरला निर्णय लांबवला हेच शहाणपण होते. नेहरू आणि समाजवादी पदांच्या विरोधात, तर राजाजी, सत्यमूर्ती बाजूने. तिथेच फैसला केला असता तर मतदानाआधीच पक्ष दुभंगला असता. हे मान्य केले पाहिजे. पण एकी टिकवण्याची किंमत कोणी भरली हा प्रश्न त्याने मिटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : थांबल्यामुळेच जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना खुलासा करावा लागला आणि वाट मोकळी झाली. मात्र त्या निवेदनाने कायद्यातले एकही कलम हलले नाही. गव्हर्नरचे खास अधिकार होते तिथेच राहिले, आणि मार्चमध्ये मागितलेला भरवसा जुलैत वर्ध्याला कार्यकारिणीने पदे घ्यायला परवानगी देईपर्यंत मिळाला नव्हताच. फार तर एवढे म्हणता येईल, की कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत सभागृह बोलवावे लागणार आणि तिथे कूपर टिकणार नाहीत हे सरकारलाही दिसत होते, म्हणून त्याचाही सूर मऊ झाला. म्हणजे काँग्रेसच्या उपयोगी पडली ती कूपर यांची दुबळी बाजू. फैजपूरच्या ठरावाने ती आधी हेरली होती असे दिसत नाही.

साडेतीन महिन्यांनी असा काय फरक पडला, असेही विचारता येईल. एरवी पडला नसता. पण १९ जुलैला आलेल्या खेर मंत्रिमंडळाला अवघी सव्वादोन वर्षे मिळाली. महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये ते पायउतार झाले. कुळांना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला होता, अंमल व्हायचा राहिला होता. १९४१ मध्ये तो पहिल्यांदा ज्या मोजक्या जिल्ह्यांत लागू झाला त्यांत पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार, होता. आणि तो लागू करणारे सरकार निवडून आलेले नव्हते, गव्हर्नर आणि त्यांच्या सल्लागारांचे होते.