गाणे राहिले, गाणारा हरवला

लोकगीतांचे संग्रह चाळू लागलो की एक प्रश्न आम्हांस नेहमी अस्वस्थ करतो. गाणे कागदावर उतरून घेतले म्हणजे गाणाऱ्याचे ऋण फिटले काय?

आमच्या विदर्भापुरते पाहावयाचे तर या उद्योगाचा आरंभ स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यापासून मानण्यास हरकत नाही. १८४५ साली ते नागपुरास आले व १८६३ साली नदी ओलांडताना बुडून वारले. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे दीर्घ गोंडी आख्यान मूळ शब्दांसह व इंग्रजी भाषांतरासह आले आहे. ज्याच्या तोंडून ते लिहून घेतले, तो मात्र ‘एक परधान’ एवढ्याच ओळखीने उरला. त्याची चाल कोणती, श्रोते कोण, याचा पत्ता लागत नाही.

आणि परधानाचे गाणे त्याच्या यजमानावाचून समजणे कठीण! परधान हा गोंडांचा भाट होय. किंगरी घेऊन तो यजमानाच्या घरी जातो, कुळाची व देवांची कथा गातो आणि दान घेतो. शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हा संबंध त्यांनी मोठ्या आपुलकीने उलगडून दाखविला. चांद्यालगतच्या आदिलाबादेतील राजगोंडांविषयी फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ साली हेच केले. गाणे ही सुटी वस्तू नसून एका नात्याचा व्यवहार आहे, हे या दोघांनी ओळखले.

वर्गात इंग्रजी बॅलड शिकविताना आम्ही सेसिल शार्प यांचे नाव अनेकदा घेतले. १९१६ ते १९१८ या काळात ते मॉड कारपेलीस यांच्यासह अमेरिकेतील ॲपलाचिया डोंगरांत हिंडले. शार्प स्वर लिहीत, कारपेलीस शब्द लिहीत. छापताना प्रत्येक चालीबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख त्यांनी नोंदली. म्हणूनच साठांहून अधिक गाणी देणारी हॉट स्प्रिंग्ज गावची जेन जेन्ट्री ही गृहिणी आजही नावाने ओळखली जाते. तथापि शार्प यांच्या कानासही एक मर्यादा होती. जुन्या इंग्रजी गाण्यांच्या शोधात त्यांनी तेथील बँजो-वादनाकडे व काळ्या गायकांकडे फारसे लक्ष दिले नाही. संग्राहक जे शोधावयास निघतो, तेच त्यास ऐकू येते.

हा धडा ब्रह्मपुरीस अगदी लागू आहे. येथून पूर्वेस वैनगंगा ओलांडली की वडसा. हा सारा धानाचा मुलूख झाडीपट्टी म्हणून प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर मंडई भरते आणि दंडार, खडी गंमत व नाटके यांनी रात्री जागतात. दंडारीत पुरुष स्त्रीवेष घेऊन नाचतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीस व या रंगभूमीस विद्वानांच्या दृष्टीपुढे आणले. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा या मुलखास धन्यता वाटली. परंतु ढोलकी वाजविणारा, झीलकरी, गाणी रचून देणारा गावचा शेतकरी यांची नावे कोण लिहिणार?

आम्ही स्वतःही या दोषापासून मुक्त नाही. आयुष्यभर जेन्ट्रीबाईंचे नाव विद्यार्थ्यांस सांगितले आणि आपल्याच गावच्या मंडईतील ढोलकीवाल्याचे नाव विचारावयाचे राहून गेले. आज ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. वाचकांपैकी कोणी यंदा मंडईस गेले, तर त्यांनी गाणे अवश्य मुद्रित करावे. पण त्याआधी गाणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव, गाव व गुरू विचारून वहीत लिहावे आणि ती नोंद त्यासही वाचून दाखवावी. चूक असेल तर तोच सुधारील.