बनावट प्रेषकाचे ई-मेल

ज्या ई-मेलवरील प्रेषकाचा पत्ता खऱ्या पाठवणाऱ्याचा नसून परस्पर दुसऱ्याचा वापरलेला असतो, त्यास बनावट प्रेषकाचे ई-मेल म्हणतात. स्पॅम, म्हणजेच अनाहूत ठोक पत्रे, पाठवणारे ओळख लपवण्यासाठी ही युक्ती योजतात. ज्याचा पत्ता असा वापरला जातो, तोही फसवणुकीचा बळीच असतो. मेल सर्व्हरच्या प्रशासकाने हे ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

कारण

ई-मेलची ने-आण एसएमटीपी या नियमावलीनुसार होते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या तिच्या आवृत्तीत प्रेषकाची शहानिशा करण्याची तरतूद नव्हती. टपालाच्या पाकिटावर 'पाठवणार' म्हणून कोणाचेही नाव घालता येते, तसाच हा प्रकार आहे.

आलेल्या पत्रांबाबत कार्यवाही

समजा, डहाणू किंवा तलासरी येथील एखाद्या शाळेचा पत्ता घालून कोणी हजारो पत्रे पाठवली. त्यांतील अनेक पत्ते अस्तित्वातच नसतात. ती पत्रे आधी स्वीकारून मागाहून 'पत्र पोहोचले नाही' असे कळवणारे सर्व्हर ही सूचना निरपराध शाळेकडे धाडतात आणि तिची पेटी भरून जाते. या उलट माऱ्यास 'बॅकस्कॅटर' म्हणतात. तो टाळण्यासाठी नको असलेले पत्र जोडणी चालू असतानाच, ५५० या संकेतांकाने, नाकारावे. एकदा स्वीकारलेले संशयित पत्र परत न पाठवता स्पॅमच्या कप्प्यात ठेवावे. प्रतिबंध पत्रावरील नावावर नव्हे, तर पत्र आणून देणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्यावर घालावा.

स्वतःच्या डोमेनचे संरक्षण

कोणते सर्व्हर आपल्या वतीने पत्रे पाठवू शकतात, हे एसपीएफ नोंद जाहीर करते. डीकेआयएम पत्रावर अंकीय स्वाक्षरी करते. या दोन्ही कसोट्यांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क धोरण सांगते. अग्रेषित केलेले खरे पत्रही एसपीएफच्या कसोटीत नापास होऊ शकते. म्हणून डीमार्कचा आरंभ केवळ अहवाल मागवून करावा व नंतर धोरण कडक करावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी ठोक प्रेषकांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या.

भारतीय कायदा

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ मध्ये, पत्राच्या उगमाविषयी दिशाभूल करणारे ई-मेल पाठवणे हा गुन्हा होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे, फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी या कलमास आव्हान दिले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे संपूर्ण कलम रद्द केले. त्याबरोबर ई-मेलविषयीची तरतूदही गेली. कलम ६६ड मात्र कायम आहे. संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ उपद्रव देणाऱ्या पत्रांना आवर घालण्याचे काम त्यामुळे मुख्यतः प्रशासकांकडेच राहते.