ठासणीच्या बंदुकीची नळी कशी पारखावी?

तोंडातून दारू व छर्रे भरून गजाने ठासायची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाच्या बंदुकीमुळे मागे पडली. तरीही अनेक घराण्यांत ती वारसा म्हणून जपलेली आढळते. पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीला परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. मात्र जुनी बंदूक शोभेची की वापराची, हे तिच्या नळीवरच ठरते.

आधी खात्री, मग तपासणी
बंदूक रिकामी आहे, असे कधीही गृहीत धरू नये. काळी दारू कोरडी राहिल्यास अनेक दशकांनंतरही पेट घेते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे व केप बसवलेली नाही, हे पाहावे. लाकडी गज आत टेकेपर्यंत घालून तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक बुडापासून काही इंच अलीकडेच राहिले, तर आत भार असण्याची शक्यता असते. तो स्वतः उकरून काढू नये. जाणकार बंदूक कारागिरावर सोपवावा.

बुडाशी खरा धोका
ही नळी मागून बंद असते. त्यामुळे आरपार प्रकाश मिळत नाही. बारीक दिवा आत सोडावा लागतो. दारूच्या राखेतील क्षार हवेतील ओलावा शोषून लोखंड खातात. स्फोटाचा दाब सर्वाधिक असतो तिथेच, म्हणजे बुडाशी, हे खड्डे बहुधा खोल असतात. ते घासून नळी चकचकीत केली, तरी तिची जाडी घटते. केपची ठिणगी आत जाण्याचे छिद्र झिजून मोठे झाले आहे का, तेही पाहावे.

फुगवटा, पोचे आणि सांधे
आत कड्यासारखी सावली दिसली, तर नळी तेथे फुगलेली असू शकते. बाहेरून बोट फिरवल्यास उंचवटा जाणवतो. तोंडात चिखल अडकणे किंवा भार बुडापर्यंत न ठासणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून, टांगून लाकडाने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा नाद आला, तर मधल्या पट्टीचा डाख शाबूत असावा. बद्द आवाज आल्यास तो सुटल्याचा संशय घ्यावा.

लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून सांधलेल्या नक्षीदार ‘डमास्कस’ नळ्यांत प्रत्येक सांधा दुबळा असू शकतो. सांध्यात शिरलेला गंज वरून दिसत नाही.

अंतिम निर्णय
बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून नळ्यांची दाब-चाचणी घेऊन त्यांवर शिक्का मारला जातो. परंतु जुना शिक्का त्या दिवसाच्या नळीची ग्वाही देतो, आजच्या नव्हे. डोळ्यांनी केलेल्या तपासणीत नळी बाद ठरवता येते, सुरक्षित ठरवता येत नाही. त्यासाठी जाडीचे मोजमाप व नव्याने दाब-चाचणी हवी. काळ्या दारूच्या बंदुकीत आधुनिक धूरविरहित दारू तर कधीही भरू नये. शंका उरली, तर बंदूक भिंतीवरच शोभते.