मुष्टियुद्धातील बचाव आणि पदलालित्य

मुष्टियुद्धात ठोसा चुकवण्याचे काम हातांआधी पाय करतात. उजव्या हाताचा मुष्टियोद्धा सामान्यतः डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. ज्या दिशेला सरकायचे, त्या बाजूचा पाय प्रथम हलतो. पाय एकमेकांत अडकल्यास तोल जातो. सरळ मागे हटणारा खेळाडू दोरांपाशी कोंडला जातो. त्यामुळे बाजूला सरकणे किंवा रिंगणात गोल फिरणे अधिक सुरक्षित मानले जाते.

मायामी बीच येथे 25 फेब्रुवारी 1964 रोजी मोहम्मद अली यांनी याच शैलीने सॉनी लिस्टन यांचे ठोसे हुकवले. खांद्याच्या दुखापतीचे कारण देत लिस्टन सातव्या फेरीसाठी उठले नाहीत. सैन्यभरतीस नकार दिल्याने अली 1967 ते 1970 या काळात रिंगणाबाहेर राहिले. परतल्यावर पायांत पूर्वीची चपळाई उरली नव्हती. 1974 मध्ये किन्शासा येथे त्यांनी दोरांना टेकून, हातांच्या आडोशाने जॉर्ज फोरमन यांचे ठोसे झेलले आणि आठव्या फेरीत थकलेल्या फोरमन यांना पाडून जगज्जेतेपद परत मिळवले.

हा डाव यशस्वी ठरला, तरी तो जोखमीचा होता. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच बचावात पदलालित्याला पहिले स्थान दिले जाते.