खंडाळ्याचा घाट आणि परिचारिकेची रिकामी जागा

खंडाळा म्हटले की आपल्याला हवा आठवते. पावसाळी धुके, राजमाचीचा कडा, सुट्टीतला बंगला आठवतो. ज्या लोहमार्गाने हा खंडाळा मुंबईकरांच्या आवाक्यात आणला, तो बांधताना माणसे कशी मेली हे मात्र या चित्रात कुठेच नसते.

बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढून वर आली. १८६१ च्या आरंभी या डोंगरात ४२,००० मजूर राबत होते. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने काम अर्ध्यावर सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे ठेवून अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच झाले. त्याच काळात मजुरांच्या झोपड्यांतून पटकी फिरली आणि हजारो माणसे गेली. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

पटकीचा रोगी मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. उपचार न झाल्यास तीव्र पटकीत निम्मे रोगी दगावू शकतात. वेळेवर क्षारयुक्त पाणी पोटात गेले तर शंभरात एखादाही दगावत नाही. १८६० मध्ये हे शास्त्र प्रचारात नव्हते हे खरे. परंतु घोट घोट पाणी पाजणे, किती गेले आणि किती आले हे मोजणे, अंथरूण बदलणे, रात्र जागून काढणे, ही कामे वैद्याची नव्हेत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. औषध साधे होते. ते पाजणारा हात उशाशी होता. बोरघाटात तो हात नव्हता. ज्या १८६० साली घाटात माणसे अशी मरत होती, त्याच साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलची परिचर्याशाळा उघडली. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण हा मनातून जात नाही.

ती विद्या आपल्याकडे यायला इतका उशीर का लागला? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय परिचारिका म्हणून शिकू लागली ती १८९१ मध्ये. पुढे पाच-सहा वर्षांतच प्लेग आला. पुण्यात यशवंतच्या दवाखान्यात रोगी पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ लिहिले. शिकलेल्या परिचारिका हाताशी असत्या तर पासष्टी ओलांडलेल्या बाईला पोर पाठीवर घेऊन का चालावे लागले असते, हा प्रश्न आम्हांस तरी कुणी विचारलेला आढळला नाही.

उत्तर काही अंशी भाषेतच आहे. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. 'परिचारिका' मात्र जुन्या वाङ्मयात दासी आहे. चरकाने चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या पंक्तीला परिचारक बसवला, आणि त्याच्या गुणांत उपचाराच्या ज्ञानाला पहिला मान दिला. आपण ज्ञान विसरलो, दासी लक्षात ठेवली. परक्या पुरुषाचा देह, परक्या जातीचा मळ, त्यात रात्रीची वेळ: जे काम घरात सून फुकट करते ते बाहेर करणारी बाई चांगल्या घरची कशी असेल? १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांनी तेथील विद्यार्थिनींना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा त्यांना याच प्रश्नाशी झगडावे लागले. पुढे आल्या त्यांत विधवा बऱ्याच होत्या. ते धैर्याचे होतेच. पण त्यामुळे हा व्यवसाय निराधारांचा आसरा ठरला, कुणी हौसेने निवडावा असा ठरला नाही. आजही आपण तिला 'सिस्टर' म्हणतो. शब्द मिशनच्या जोगिणींकडून आला, आपल्याला सोयीचा पडला. बहिणीला पगार किती हे कोण विचारतो?

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात याचा हिशेब मिळतो. (समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले, घाटाशी त्यांचा संबंध केवळ इंग्रजी स्पेलिंगपुरता.) देशभरात प्रशिक्षित परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. पुढे संख्या पुष्कळ वाढली. केरळच्या मुलींनी महाराष्ट्रातली रुग्णालये चालवली आणि पुढे आखातात, इंग्लंडात गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणतीप्रमाणे २०२३ मध्ये जगातच ५८ लाख परिचारिका कमी होत्या, तेव्हा बोलावणी येणारच. आणि जाणारीला थांबवावे कशाच्या बळावर? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहान खाजगी रुग्णालयांतही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. एवढे सुचवायला समिती लागली, यातच सारे आले.

परिणाम मोजलेले आहेत. लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जास्त आला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. आपल्याकडे सामान्य कक्षात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी असे प्रमाण आहे. ज्यांनी सरकारी कक्षात रात्र काढली आहे त्यांनी ते आठवून पाहावे.

आमच्या वर्गात मावळातून येणारी एक मुलगी आहे. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचे होते. रात्रपाळीचे कारण सांगून घरच्यांनी तिला बी.ए.ला घातले. आता ती मराठी घेऊन एम.ए. करते, आणि चांगले करते. मागच्या पावसाळ्यात ती आठवडाभर आली नाही. आजी आजारी होती. सलाइन संपते का ते पाहायला रात्रभर हिलाच बसवले होते.