बेड्या आणि गृहसचिव

1975 साल. जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात सत्यनारायण गोएंका विपश्यनेचं शिबिर घेणार होते. समोर पायांत बेड्या असलेले कैदी. अधिकारी धास्तावलेले, पण गोएंका हटून बसले आणि बेड्या निघाल्या. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र त्यातले गृहसचिव राम सिंह जास्त मोलाचे वाटतात. कैद्यांना बसवण्याआधी हा माणूस स्वतः दहा दिवस शिबिरात बसला होता! पुढे तिथल्या पोलीस अकादमीतही शिबिर झालं. दुसऱ्यांची दुःखं रोज हाताळणाऱ्याच्या मनालाही घट्टे पडतात, जखमा होतात; त्याकडे सरकारी खात्याचं लक्ष गेलं. आज महाराष्ट्रातही सरकारी कर्मचाऱ्याला या शिबिरासाठी रजा मिळते. पूरग्रस्त गावातून परतलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्याला मात्र बहुतेकदा दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा असतो.