मालवण किनाऱ्यावर मेंढा पाळता येईल का? आणि छोट्या कळपासाठी बोकड कसा निवडाल?

माडग्याळ मेंढ्याचे रील्स पाहून कोकणातही अनेकांना वाटतं, चार-पाच मेंढ्या आणि असा एक मेंढा आपणही घ्यावा. पण माडग्याळ ही सांगलीच्या जत तालुक्यातली, कोरड्या हवेची जात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसात खूर सडतात, जंत वाढतात, अंग ओलं राहून सर्दी-न्यूमोनिया होतो. धनगरांचे कळप पावसाळा संपल्यावर कोकणात उतरतात आणि पुढच्या पावसाआधी घाटावर परत जातात, ते उगाच नाही.

ओलं सोसणारी मेंढी नाहीच असं नाही. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातली गरोळ तशी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, पण ती घाटावरच्या मेंढपाळांसाठी.

म्हणून इथे छोटा कळप म्हणजे शेळ्यांचाच. त्यासाठी घरची जात आहे: कोकण कन्याळ. काळं अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, लांब लोंबते कान आणि लांब पाय. ही जात मूळची सिंधुदुर्गातलीच, त्यामुळे इथली दमट हवा आणि पाऊस तिला नवा नाही. उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली असली तरी मराठवाड्याच्या कोरड्या भागातली. तिला पावसाळ्यात कोरडा, उंच माच द्यावाच लागेल. बोअर वजनाला भारी, पण खुराकही तसाच मागतो. शिवाय लहान चणीच्या पाटीला पहिल्याच वेताला बोअर दाखवला, तर करडू मोठं होऊन विताना अडू शकतं. पाच-सात शेळ्या असतील तर आमच्या मते आधी कन्याळच बघा.

जातीइतकाच तो विशिष्ट बोकडही महत्त्वाचा. दोन्ही अंड सारखे आणि टणक हवेत, जबडा जुळता हवा, खूर सरळ हवेत. शक्य असेल तर त्याची आई बघा: जुळी देते का, दोन्ही करडं पोसण्याइतकं दूध आहे का. शेळी वर्षाला एक-दोन करडं देते, बोकड मात्र कळपातल्या प्रत्येक करडाचा बाप असतो. चूक झाली तर सगळं वेत वाया.

आता सर्रास होणारी चूक. शेळी पाच महिन्यांनी विते आणि पाट सात-आठ महिन्यांची झाली की माजावर येऊ लागते. म्हणजे बोकड आणल्यावर वर्षभरातच त्याच्या लेकी त्याच्यापुढे उभ्या राहतात. त्या संकरातून अशक्त करडं आणि व्यंगं वाढतात. त्याआधीच बोकड बदला किंवा पाटी वेगळ्या बांधा.

एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो, तेव्हा सहा शेळ्यांसाठी एकट्याने खर्च कशाला? वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्यावा आणि वर्षाने शेजारच्या वाडीशी अदलाबदल करावी. फक्त नवा बोकड आल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा आणि पीपीआरची लस झाली आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या.